रानात एकट्या सापडलेल्या मुलांच्या कादंबऱ्या

मुलांनी अवांतर वाचन करावे, असे सगळेच म्हणतात. काय वाचावे असे विचारले, की वडीलमंडळी थोर पुरुषांच्या चरित्रांकडे बोट दाखवून मोकळी होतात. चरित्रे वाचावीतच. पण आम्हां शिक्षकांचा अनुभव असा की, दहा ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती एका विशिष्ट जातीची गोष्ट पडली, तर तीन हाका मारल्याशिवाय तो जेवायला उठत नाही. जहाज फुटते, विमान कोसळते किंवा मूल वाट चुकते. आणि मग निर्जन बेटावर किंवा घनदाट अरण्यात त्याला आपल्या दोन हातांवर दिवस काढावे लागतात. पाणी कोठे, विस्तव कसा, रात्री निजायचे कोठे, एवढेच प्रश्न. या पुस्तकांविषयी पालकांच्या मनात दोन शंका असतात. हे वाचून पोर घर सोडून पळेल, ही पहिली. आणि यात शिकण्यासारखे ते काय, ही दुसरी. ट्रस्टच्या वाचनालयात मुलांचे कपाट वाढवायचे आहे, तेव्हा या दोन्ही शंकांचा विचार येथे करणे योग्य होईल.

या जातीच्या कथेचा आरंभ बहुतेक लोक ‘रॉबिन्सन क्रूसो’पासून धरतात. डॅनियल डीफोचे ते पुस्तक १७१९ साली निघाले. पण एकट्या बेटावर वाढलेल्या माणसाची कथा त्याहून साडेपाचशे वर्षे जुनी आहे. बाराव्या शतकात अंदलुसियात, म्हणजे मुसलमानी अमलातील स्पेनमध्ये, इब्न तुफैल नावाचा हकीम होऊन गेला. तो मुवाहिद खलिफाच्या पदरी होता व ११८५ साली मराकेश येथे वारला. त्याने ‘हय्य इब्न यक्झान’ ही कथा अरबीत लिहिली. नावाचा अर्थ जिवंत, जागृताचा पुत्र. या बालकाला बेटावर एक हरिणी दूध पाजून वाढवते. तो सात वर्षांचा असताना ती मरते. तिच्यातून काय निघून गेले म्हणून ती हलेना, हे शोधण्यासाठी तो तिची छाती उघडून पाहतो. पुढे दोन कावळे भांडतात, एक मरतो व दुसरा त्याला पुरतो. ते पाहून हा हरिणीला माती देतो. काबील व हाबील यांची हकीकत ज्यांच्या कानावर आहे, त्यांना हा कावळा कोठून आला ते सांगायला नको. विस्तव पहिल्याने दिसतो तेव्हा तो त्यात हात घालतो व भाजून घेतो. हे पुस्तक १६७१ साली लॅटिनमध्ये गेले आणि १७०८ साली सायमन ऑक्ले याने ते थेट अरबीतून इंग्रजीत आणले. क्रूसो निघाला तो त्यानंतर अकरा वर्षांनी. डीफोने ते वाचले असावे असे काही अभ्यासक मानतात. तसा लेखी पुरावा मात्र नाही.

डीफोपुढे एक खरे उदाहरणही होते. अलेक्झांडर सेलकर्क नावाचा स्कॉटिश खलाशी कप्तानाशी भांडला व गळक्या जहाजातून जाण्यापेक्षा येथेच उतरतो म्हणून १७०४ साली दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील एका बेटावर राहिला. १७०९ च्या फेब्रुवारीत त्याची सुटका झाली, तेव्हा चार वर्षे व चार महिने लोटले होते आणि तो धड बोलणेही विसरत चालला होता. बकऱ्यांची कातडी त्याच्या अंगावर होती. चिली सरकारने १९६६ साली त्या बेटाचे नावच रॉबिन्सन क्रूसो बेट असे केले. म्हणजे ज्याने दिवस काढले त्याच्यापेक्षा ज्याची नुसती गोष्ट झाली त्याचे नाव राहिले.

ट्रेनिंग कॉलेजात रूसोचा ‘एमिल’ वाचलेल्यांना आठवत असेल की, १७६२ साली लिहिलेल्या त्या ग्रंथात रूसोने आपल्या विद्यार्थ्याला पहिले पुस्तक म्हणून क्रूसोच दिला आहे. कारण उघड आहे. क्रूसो हाताने करून शिकतो. मडके फुटते, पुन्हा करतो. होडी इतकी मोठी कोरतो की ती पाण्यापर्यंत ओढता येत नाही, मग लहान कोरतो. कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी झटकतो आणि तेथे सातू उगवतो, तेव्हा त्याला आधी चमत्कार वाटतो व मग पिशवी आठवते.

पण येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांतून ती बहुधा गाळलेली असते. क्रूसोचे जहाज फुटते ते कोणत्या सफरीत? ब्राझीलमधील आपल्या मळ्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला तो निघालेला असतो. त्याआधी तो स्वतः मोरोक्कोच्या साले बंदरात दोन वर्षे गुलामीत असतो व झुरी नावाच्या मुलाला बरोबर घेऊन होडीतून पळतो. या झुरीने त्याला जीव लावलेला असतो. सुटका होताच क्रूसो त्याला साठ रौप्यमुद्रांना एका पोर्तुगीज कप्तानाला देऊन टाकतो. अट एवढीच की, मुलाने ख्रिस्ती धर्म घेतल्यास दहा वर्षांनी त्याला मोकळे करावे. पुढे बेटावर एक माणूस भेटतो, तर त्याचे नाव न विचारता क्रूसो त्याला ‘शुक्रवार’ म्हणतो आणि स्वतःला ‘धनी’ म्हणायला शिकवतो. म्हणून क्रूसो वाचनालयातून काढून टाकावा काय? मुळीच नाही. पण तो मुलाच्या हाती देताना झुरीची गोष्ट मोठ्या माणसाने सांगावी आणि विचारावे, की झुरीने ही कादंबरी लिहिली असती तर ती कशी झाली असती? सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रश्न टाकून पाहावा. मुले जी उत्तरे देतात, ती ऐकल्यावर न्याय म्हणजे काय यावर वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

क्रूसोनंतर नकला फार झाल्या. बर्नचे पाद्री योहान डेव्हिड वीस यांनी आपल्या मुलांना सांगितलेली ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ १८१२ साली छापली गेली. तीत एकाच बेटावर पेंग्विन, कांगारू आणि सिंह नांदतात. भूगोलाच्या शिक्षकाने ती जरा लांबूनच वाचावी. त्याहून गमतीची चूक स्कॉटलंडच्या आर. एम. बॅलंटाइनची. १८५७ च्या ‘कोरल आयलंड’मध्ये त्याची तीन मुले दक्षिण समुद्रातील बेटावर नारळ खातात-पितात. बॅलंटाइनने नारळ पाहिला होता तो किराण्याच्या दुकानात, सोललेला. त्यामुळे झाडावरच्या नारळाला सोडण असते हे त्याला ठाऊकच नव्हते! हा भाग वर्गात सांगताच पहिल्या बाकावरून प्रश्न येतो, “सर, त्यांनी सोलला कशाने?” कोकणात किंवा गोव्यात आजोळ असलेल्या मुलाला जे कळते, ते त्या ग्रंथकाराला कळले नाही. पण त्याची दानत अशी, की चूक लक्षात आल्यावर जेथे जमेल तेथे स्वतः जाऊन पाहूनच लिहायचे असे त्याने ठरवले व दीपगृहावर कादंबरी लिहिण्याआधी तो खरोखर समुद्रातल्या दीपगृहात जाऊन राहिला.

विस्तवाच्या बाबतीत तर ही पुस्तके म्हणजे विज्ञानाची परीक्षाच होय. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्यामुळे हा ग्रंथकार आपल्या घरांत परका नाही. १८७४-७५ सालच्या त्याच्या ‘गूढ बेट’ या कादंबरीत पाच माणसे बलूनमधून बेटावर पडतात. त्यांतील इंजिनियर दोन घड्याळांच्या काचा काढतो, त्या तोंडाला तोंड लावून मध्ये पाणी भरतो, कडा मातीने लिंपतो आणि त्या भिंगाने सुके शेवाळ पेटवतो. हे होण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंनी फुगीर असा पाण्याचा थर उन्हाचे किरण एका बिंदूवर आणतो. दुसरीकडे १९५४ साली विल्यम गोल्डिंगने ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ लिहिली. तीत बेटावरची मुले एका जाड्या मुलाच्या चष्म्याने आग पेटवतात. पण हा मुलगा ऱ्हस्वदृष्टीचा आहे, असे पुस्तकच सांगते. ऱ्हस्वदृष्टीचा चष्मा मध्ये पातळ, कडेला जाड. तो किरण एकवटत नाही, उलट पसरवतो. त्या चष्म्याने गवताची काडीही पेटायची नाही. गोल्डिंगला १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाशाच्या धड्यात मात्र त्याचे गुण कापावेच लागतील. आमचे म्हणणे असे की, आठवीचा विद्यार्थी ही चूक स्वतः शोधून काढील अशा रीतीने ती दोन पुस्तके शेजारी-शेजारी ठेवावीत.

व्हर्नच्याच पुस्तकात एका मुलाच्या कोटाच्या अस्तरात गव्हाचा एकच दाणा सापडतो. इंजिनियर हिशेब मांडतो: एका दाण्याला दहा लोंब्या, लोंबीला ऐंशी दाणे, म्हणजे पहिल्या पिकाला आठशे. ते सगळे पेरले तर दुसऱ्याला ६ लाख ४० हजार, तिसऱ्याला ५१ कोटी २० लाख. चौथ्याचा आकडा मुलांनी पाटीवर काढावा. आमच्या वर्गात घातांकाचा धडा याच दाण्याने सुरू होतो.

गोल्डिंगच्या कादंबरीविषयी आणखी थोडे. मोठ्यांवाचून बेटावर राहिलेली मुले हळूहळू रानटी होतात व एकमेकांचे जीव घेतात, असे तीत दाखवले आहे. तो स्वतः शाळामास्तर होता, म्हणून पुष्कळांनी ते मुलांविषयीचे सत्य मानले. पण १९६५ च्या जून महिन्यात टोंगा बेटांतील सहा शाळकरी मुले कोणाची तरी होडी न विचारता घेऊन निघाली, वादळात सापडली आणि आता नावाच्या ओसाड बेटाला लागली. पंधरा महिन्यांनी, १९६६ च्या सप्टेंबरात, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाला ती दिसली. सगळी जिवंत. त्यांनी स्वयंपाक, बाग व पहारा यांच्या पाळ्या लावल्या होत्या. पावसाचे पाणी कोरलेल्या ओंडक्यांत साठवले होते. एकदा पेटलेला विस्तव विझू दिला नव्हता. भांडण झाले, की दोघांनी दोन दिशांना जाऊन डोके थंड करून यायचे, असा नियम होता. एकाचा पाय मोडला तेव्हा इतरांनी काठ्या व पाने बांधून तो बसवला आणि त्याच्या वाट्याचे काम आपण केले. सकाळ-संध्याकाळ ती प्रार्थना करीत. त्या बेटावर त्यांना केळी, अळकुड्या व रानटी झालेल्या कोंबड्या मिळाल्या, त्या पूर्वीच्या रहिवाशांच्या. आणि ते रहिवासी गेले कोठे, तर १८६३ साली गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यांतील बऱ्याच जणांना पळवून नेले व उरलेले दुसरीकडे हलवले गेले. क्रूसोच्या सफरीचा माग असा या खऱ्या बेटापर्यंत येऊन पोहोचतो. गोल्डिंगचे पुस्तक चांगले आहे, पण ते एका महायुद्ध पाहिलेल्या माणसाच्या मनाचे चित्र आहे. मुले अशीच असतात असे ठरवून त्याचा दाखला कोणी देऊ लागला, तर त्याला ही टोंगाची हकीकत सांगावी.

जॅक लंडनच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट आहे. शेकोटी पेटवण्यावरची एकच कथा त्याने दोनदा लिहिली. १९०२ साली ‘यूथ्स कंपॅनियन’ या मुलांच्या नियतकालिकासाठी लिहिली, तेव्हा कॅनडाच्या गोठवणाऱ्या थंडीत एकटा निघालेला माणूस हात पोळूनही अखेर विस्तव करतो व वाचतो. १९०८ साली मोठ्यांसाठी लिहिली, तेव्हा तो मरतो. थंडी शून्याखाली पंचाहत्तर अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापाने उणे ५९ सेल्सिअस. एवढ्या थंडीत एकट्याने प्रवास करू नये, असे एका जुन्या जाणत्याने बजावलेले असते. तो पाण्यात बुडालेला पाय सुकवायला झाडाखालीच शेकोटी करतो, फांद्यांवरचे बर्फ खाली येते व आग विझते. मग बधिर बोटांत काडी धरवत नाही, म्हणून सगळ्या काड्या एकदम ओढतो. मुलांना कोणती वाचायला द्यावी? आम्ही दोन्ही देतो, आधी पहिली. बहुतेक मुलांना दुसरीच खरी वाटते. मुलांना नेहमी गोड शेवटच लागतो, हा आपला समज त्यांच्यापेक्षा आपल्याच समाधानासाठी असतो.

आता अलीकडच्या पुस्तकांकडे वळू. गॅरी पॉल्सन या अमेरिकन लेखकाची ‘हॅचेट’, म्हणजे ‘कुऱ्हाड’, १९८७ साली निघाली. पॉल्सन २०२१ साली वारला. त्याने अलास्कात कुत्र्यांच्या गाड्यांच्या लांब शर्यतीत स्वतः भाग घेतला होता. ऐकीव माहितीवर लिहिणारा तो नव्हे. तेरा वर्षांचा ब्रायन वडिलांकडे लहान विमानाने निघतो. त्याच्या आईबापांनी काडीमोड घेतलेला असतो. वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि विमान कॅनडाच्या रानातील तळ्यात पडते. ब्रायनजवळ उरते ती आईने दिलेली कमरेची लहान कुऱ्हाड. पहिल्या दिवसांत तो दिसेल ती लाल फळे खातो व पोट फुटेस्तोवर आजारी पडतो. अंधारात शिरलेल्या साळिंदरावर तो कुऱ्हाड फेकतो. ती खडकावर आपटते आणि ठिणग्या उडतात. दुसऱ्या दिवशी त्या ठिणग्यांचा अर्थ त्याच्या ध्यानात येतो. तरी आग चटकन होत नाही. सुके गवत, मग फाडलेली नोट, शेवटी भूर्जाच्या जातीच्या झाडाची केसांसारखी सोललेली साल. आणि मग वारा घालावा लागतो हे आठवते. ठिणगी, जळण आणि हवा, हे त्रिकूट या पानांतून मुलाला जसे कळते, तसे आमच्या प्रयोगशाळेतूनही कळत नाही. शोधणारे विमान वरून निघून जाते, तेव्हा तो पूर्ण खचतो. या पुस्तकाचा गाभा तेथे आहे. रडून काही होत नाही हे त्याला कोणी सांगत नाही. रडणे संपल्यावर सगळे जेथल्या तेथेच आहे, हे तो पाहतो. चोपन्न दिवसांनी तो सुटतो. ज्या घरात आईबापांचे बिनसलेले आहे, त्या घरातले मूल हे पुस्तक वेगळ्याच डोळ्यांनी वाचते. अशा मुलाला ते द्यावे, आणि त्यावर काही विचारू नये.

ब्रायनच्या फळांवरून एक खरी घटना सांगितली पाहिजे. १ मे २०२३ रोजी कोलंबियातील ॲमेझॉनच्या अरण्यात एक लहान विमान पडले. वैमानिक, मुलांची आई व आणखी एकजण असे तिघेही गेले. चार भावंडे उरली. थोरली मुलगी तेरा वर्षांची, धाकटे अकरा महिन्यांचे. ९ जूनला, चाळिसाव्या दिवशी, चौघेही जिवंत सापडली. ती विटोटो या आदिवासी जमातीची. विमानातले कसाव्याचे पीठ संपल्यावर थोरलीने रानातली फळे व बिया शोधल्या, कारण कोणते फळ खायचे व कोणते नाही हे तिला आजीने शिकवले होते. त्यांना शोधायला लष्कर गेले होते, तसे रान जाणणारे आदिवासीही गेले होते. कादंबरीतला शहरी ब्रायन आजारी पडतो आणि ही मुलगी तान्ह्या भावंडाला जगवते. फरक एका आजीचा.

आपली मुले कोठे बसतात? बेळगावहून खानापूरच्या पलीकडे गेले, की भीमगडचे रान लागते. म्हादई नदी तेथेच उगम पावते. करवंद, जांभूळ, तोरण ही फळे आमच्या पिढीला न शिकवता ठाऊक होती. आज वर्गात तोरण कोणी पाहिले आहे असे विचारले, तर दोन-तीनच हात वर येतात. त्याच रानात काजरा आहे. त्याचे नारिंगी फळ दिसायला साजिरे, पण बी जहर. “पाखरू खाते ते आपणही खावे” हा नियम गावोगाव सांगितला जातो. तो चुकीचा व जीवघेणा आहे. धनेश पक्षी काजऱ्याचे फळ खुशाल खातो. म्हणून अनोळखी फळ तोंडात घालायचेच नाही, एवढे या कादंबऱ्या वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगून ठेवावे.

दुसरेही एक सांगून ठेवावे. कादंबरीतला नायक चालत सुटतो, कारण बसून राहिला तर गोष्ट होत नाही. खऱ्या रानात वाट चुकलेल्या मुलाने एका झाडाजवळ थांबावे, हेच बरे. १९८१ साली कॅलिफोर्नियात नऊ वर्षांचा एक मुलगा डोंगरात चुकला व थंडीने दगावला. तेव्हापासून अमेरिकेत शाळांतून मुलांना झाडाला मिठी मारून थांबायला शिकवतात. आपल्या शाळांच्या सहलींतही हा नियम निघण्याआधी सांगावा व मुलांकडून म्हणवून घ्यावा.

मुलींसाठी काय, असा प्रश्न आई-खालांकडून येतो व तो रास्त आहे. स्कॉट ओडेलच्या १९६० सालच्या ‘निळ्या डॉल्फिनांचे बेट’ या कादंबरीला पुढच्याच वर्षी अमेरिकेतील न्यूबेरी पदक मिळाले. हिचा आधार खरा आहे. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलास बेटावरील लोकांना १८३५ साली जहाजातून हलवले, तेव्हा एक बाई मागे राहिली. १८५३ साली ती सापडली. किनाऱ्यावर आणल्यावर तिची भाषा जवळजवळ कोणालाच समजेना, आणि सात आठवड्यांत ती वारली. अठरा वर्षे एकटेपण सोसून माणसांत आलेल्या बाईला माणसे सात आठवडेच मिळाली. ओडेलने तिच्यावरून करना ही मुलगी उभी केली. तिच्या जमातीत बायकांनी शस्त्र करणे निषिद्ध होते. भावाला रानकुत्री मारतात, तेव्हा ती भीत भीत भाला व धनुष्य करते. आकाश कोसळत नाही. नंतर त्या कुत्र्यांच्या म्होरक्यालाच ती जखमी करते, बरे करते आणि सोबती करते. आमच्या मते या जातीच्या पुस्तकांत हे सर्वांत थोर. जीन क्रेगहेड जॉर्ज यांची १९७२ सालची ‘ज्यूली ऑफ द वुल्व्ज’ हीही मुलीचीच. लांडग्यांच्या खाणाखुणा शिकून ती उत्तर ध्रुवाकडच्या ओसाड प्रदेशात जगते. पण तिच्यातला लग्नाचा प्रसंग लहान मुलींना झेपणारा नाही. ती नववीच्या खाली देऊ नये.

राहिली ती पळून जाण्याची शंका. ती नवी नाही. याच जॉर्जबाईंच्या १९५९ सालच्या ‘माय साइड ऑफ द माउंटन’मध्ये न्यूयॉर्कचा सॅम घर सोडून डोंगरात जातो व झाडाच्या ढोलीत राहतो. हे छापावे की नाही याविषयी प्रकाशकालाच आधी शंका आली होती. पण पुस्तक नीट वाचावे: सॅम घरी सांगून जातो, नाताळात बाप त्याला भेटायला येतो आणि अखेर सगळे घरच त्याच्याकडे राहायला येते. बहुतेक पोरे घराबाहेर पडतात ती पुस्तकामुळे नव्हे. घरात त्यांचे ऐकायला कोणी नसते म्हणून.

वाचनालयासाठी आमची सूचना अशी. पाचवी-सहावीला मराठीतले व्हर्न द्यावे. सातवीला क्रूसो, झुरीच्या गोष्टीसकट. आठवीला ‘हॅचेट’ व करनाची कादंबरी. या दोहोंचे इंग्रजी सोपे आहे. शनिवारी दुपारी एखाद्या शिक्षकाने वाचीत, मराठीत सांगत गेले तर महिन्याभरात एक पुस्तक होते. गोल्डिंग दहावीनंतर. आणि प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानाला एक कोरा कागद चिकटवावा. पुस्तकातील चूक सापडली तर मुलाने आपले नाव व पानाचा आकडा घालून तेथे लिहावी. नारळ आणि चष्मा या दोन आम्ही येथे सांगून टाकल्या आहेत. त्या धरल्या जाणार नाहीत.